लिव्हर जड झालं, पण कशानं?

भाऊ, फवारणीचं औषध खाद्यातून दिलेल्या उंदरांचं लिव्हर शरीराच्या मानानं जड निघालं, म्हणजे ते सडलंच, असं तुम्ही धरलंय. टक्केवारीसोबत ग्रॅमही पाहा. खाद्याला वास आला की उंदीर कमी खातो, अंग उतरतं. नुसत्या उपासमारीत लिव्हरही सोबतच उतरतं. म्हणून 300 ग्रॅमचा उंदीर 260 वर आला आणि लिव्हर 10 वरून 12 ग्रॅम झालं, तर ते औषधाचंच काम. मात्र सगळे उंदीर आधी रात्रभर सारखेच उपाशी हवेत. पोट भरलेल्याच्या लिव्हरात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, साठतं, काटा उगाच वर जातो.

फेनोबार्बिटल या फिट्सवरच्या औषधानंही लिव्हर फुगतं, कारण पेशी जास्त एन्झाइम बनवतात; थांबवलं की उतरतं. सडलंय का, हे रक्तातलं एएलटी (लिव्हरच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला पेशींचा काप सांगतो.

एक गोष्ट फार महत्त्वाची. 2017 मध्ये यवतमाळात विषबाधा झाली ती फवारताना. प्रोफेनोफॉससारखं औषध कातडीतून, श्वासातून जातं आणि कोलिनेस्टरेज, म्हणजे नसांचं काम ताब्यात ठेवणारं एन्झाइम, दाबतं. तिथं लिव्हरचं वजन जागचं हलत नाही अन् माणूस दवाखान्यात असतो. असलं औषध फवारणाऱ्या गड्यासाठी रक्तातलं कोलिनेस्टरेजच तपासा, हंगामाआधी एकदा आणि मध्ये एकदा.