प्रसूतिसेवेबद्दल मातांचे समाधान नेमके कसे मोजावे?

प्रश्न: रुग्णालयातून घरी सोडताना विचारले, तर बहुतेक माता समाधानी असल्याचे सांगतात, मात्र त्याच पुढे बोलत्या झाल्या, की अंगावर ओरडणे, न विचारता केलेली तपासणी आणि पडद्याविना काढलेल्या कळा यांविषयी सांगू लागतात. मग समाधानाच्या आकड्यावर कितपत विसंबावे?

प्रतिसाद १: बाळ सुखरूप हाती आले, की सोसलेले सारे मागे पडते, शिवाय विचारणारी व्यक्ती त्याच रुग्णालयातील असेल, तर तिच्यासमोर नाराजी कोण बोलून दाखवील? म्हणून ‘समाधानी आहात का’ असे न विचारता, प्रत्यक्ष घडले ते विचारावे: तपासणीपूर्वी परवानगी घेतली का, टाके घालताना भूल दिली का, आपले माणूस जवळ होते का?

प्रतिसाद २: सहमत आहे. एलेन हॉडनेट यांच्या २००२ सालच्या संशोधन-आढाव्यात मातेच्या अपेक्षा, मिळालेला आधार, सेवा देणाऱ्यांशी जुळलेले नाते आणि निर्णयातील सहभाग हे घटक वेदनेपेक्षाही प्रभावी ठरले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही सन्मानाची वागणूक, स्पष्ट संवाद आणि मातेच्या पसंतीची सोबत यांचा समावेश आहे. यांपैकी कशालाही महागडे यंत्र लागत नाही, आणि तरीही ते मिळत नाही, याची मला खंत वाटते.

प्रतिसाद ३: ज्यांचे बाळ दगावले, त्या मातांना अशा पाहण्यांतून अनेकदा वगळले जाते. त्यांना पुरेसा काळ जाऊ देऊन, हळुवारपणे, पण अवश्य विचारावे.