मायग्रेन: स्वतःच्या शरीराकडे लक्ष ठेवायचं, पण धास्ती न घेता. कसं जमवता?

नमस्कार मंडळी,

प्रश्न थोडा लांबलचक आहे. पण पार्श्वभूमी सांगितली नाही तर सल्ले भलतीकडेच जातील, म्हणून सविस्तर लिहिते.

मी नाशिकची, वय पंचेचाळिशीच्या पुढे. कॉलेजात असल्यापासून अर्धशिशीचा त्रास आहे. सध्या न्यूरॉलॉजिस्टकडे उपचार चालू आहेत. अटॅक येऊ नयेत म्हणून प्रोप्रानोलॉल रोज, आणि डोकं चढायला लागलं की घ्यायची ट्रिप्टानची गोळी वेगळी. शिवाय एका वैद्यबाईंकडेही जाते. दोघांनाही एकमेकांची औषधं माहीत आहेत. त्यामुळे 'सगळं बंद करा आणि अमुक काढा घ्या' असं कृपया सुचवू नका. प्रोप्रानोलॉल मनाने एकदम बंद करणं धोक्याचं असतं, आणि हा धागा दुसरं कुणी वाचून तसं करू नये असं मला मनापासून वाटतं.

डॉक्टरांनी मला डोकेदुखीची वही ठेवायला सांगितली. झोप किती झाली, जेवण कधी झालं, पाळीची तारीख, दुखणं कधी सुरू झालं, गोळी कधी घेतली, बस. परवाची नोंद अशी आहे: 'दुपारी चारपासून जांभया. मान अवघडलेली. काहीतरी गोड खावंसं वाटतंय. शेजारच्या टेबलावरच्या अत्तराचा वास सहन होत नाही. दुखत नाही अजून.' आणि रात्री खाली: 'साडेनऊला उजवी बाजू.'

डॉक्टरांनी समजावलं ते मला फार मोलाचं वाटलं. जांभया, मान धरणं, गोडाची इच्छा ही बऱ्याचदा अटॅकची सुरुवातच असते. प्रत्यक्ष दुखणं काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही येतं. म्हणजे 'चॉकलेट खाल्लं म्हणून डोकं दुखलं' असं आपण म्हणतो, तेव्हा कित्येकदा अटॅक आधीच सुरू झालेला असतो आणि म्हणूनच चॉकलेट खावंसं वाटतं. हे कळल्यावर मी बऱ्याच पदार्थांना उगाच दोष देणं सोडलं.

वहीचा खरा फायदा झाला तो उपासाच्या बाबतीत. संकष्टीला दुपारी थोडी साबुदाण्याची खिचडी आणि मग थेट चंद्रोदयानंतर जेवण, तेही रात्री नऊ वाजून गेल्यावर. दुसऱ्या दिवशी डोकं ठरलेलं. हे कुठल्याही तपासणीत दिसलं नसतं. सासूबाईंना वही दाखवली, तर त्याच म्हणाल्या, "अगं मग तू चतुर्थी सोड, मी करते ना." एवढी मोठी गोष्ट इतक्या सहज सुटली.

आता अडचण. लक्ष ठेवता ठेवता त्याची धास्ती बसली आहे. साधी जांभई आली तरी पोटात गोळा येतो. कुणाचं लग्न म्हटलं की आधी मनात येतं, तिथे ढोलताशा असेल, जेवायला उशीर होईल. त्यात गोळीचं गणित अवघड आहे. ट्रिप्टान दुखणं सुरू होताच, सौम्य असतानाच घेतलं तर जास्त लागू पडतं. पण महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस घेत राहिलं आणि असे तीन महिने गेले, तर त्या औषधानेच डोकेदुखी जडू शकते. साध्या पॅरासिटामॉलची मर्यादाही महिन्याला पंधरा दिवसांची आहे. मग कपाळात जरा काही जाणवलं की ते खरंच दुखणं आहे की माझी भीती, हे ओळखायचं कसं? माझा मुख्य प्रश्न हाच आहे.

वैद्यबाईंनी यावर चरकसंहितेतली एक गोष्ट सांगितली. उपचाराचे चार पाय मानले आहेत: वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि स्वतः रुग्ण. रुग्णाकडूनही चार गुणांची अपेक्षा आहे. त्याला झालेलं नीट आठवावं, सांगितलेलं त्याने पाळावं, भिऊ नये आणि आपला आजार त्याला नेमका सांगता यावा. पहिला, दुसरा आणि चौथा मला वहीमुळे जमायला लागला. तिसरा मात्र त्याच वहीमुळे निसटतोय. बरं होण्यात आपला वाटा असतो हे मला मनापासून पटतं. डॉक्टर महिन्यातून दहा मिनिटं भेटतात, बाकीचा वेळ आपण आणि आपलं शरीर. पण तो वाटा उचलताना सतत पहारा द्यावा लागत असेल, तर ते माझ्याने फार दिवस होणार नाही.

रात्री योगनिद्रा करते. पायाच्या अंगठ्यापासून लक्ष वर आणत आणत मानेपर्यंत छान जातं, आणि डोक्याशी आलं की तिथेच अडकतं, मग ठणका शोधायला लागतं. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये जुनाट दुखणी असलेल्या लोकांसाठी एक कार्यक्रम सुरू केला, त्यातही असंच अंगभर लक्ष फिरवायला शिकवतात. तेव्हा दुखणाऱ्या जागेपाशी काय करायचं याची काहीतरी रीत असणारच. ज्यांनी शिकून केलं आहे त्यांनी कृपया सांगा. डोकं वगळून पुढे जायचं, की तिथे थांबायचं?

दुसरं म्हणजे, इगतपुरी आम्हाला जवळ आहे आणि विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जावं असं फार मनात आहे. पण पहाटे चारला उठणं, अकराला जेवण आणि संध्याकाळी नवीन साधकांना फक्त चहा-फळं, हे माझ्या डोक्याला मानवेल का? अर्जात आजार आणि औषधं लिहायची असतात, ती लिहीनच, न्यूरॉलॉजिस्टनाही विचारीन. तरी मायग्रेन असून जाऊन आलेल्या कुणाचा अनुभव मिळाला तर हवा आहे.

भर: दोघांनी विचारलं म्हणून लिहिते. एमआरआय झाला आहे, नॉर्मल आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाला अचानक, आजवर कधीच झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी झाली, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळा पडला, तर वही-ध्यान काही नाही, थेट हॉस्पिटल गाठा.

वही रोज न लिहिता आठवड्यातून एकदा लिहावी असं एका ताईंनी सुचवलंय. तसं करून कुणाला फरक पडला का? दुखलं नाही अशा दिवसांचीही नोंद ठेवता का, आणि त्यात काय लिहिता?