'होलिनेस'ला मराठीत काय म्हणायचं?

निर्मळकर: आमच्या पॅरिशच्या (म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाच्या) पत्रकासाठी एका इंग्रजी लेखाचं मराठी करतोय, विषय रोजच्या प्रार्थनेने माणूस होलिनेसमध्ये कसा वाढतो. मी लिहिलं 'पावित्र्यात वाढ', तर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या पावित्र्य जपतात नाहीतर ते भंगतं, वाढत नाही. आता मलाही ते खटकायला लागलंय.

दर्भांकुर: मुळात जा की. 'पू' म्हणजे शुद्ध करणे, आणि 'इत्र' हा साधन दाखवणारा प्रत्यय, जसं खनित्र, खणायचं साधन. ऋग्वेदात सोमरस गाळायची लोकरीची गाळणी म्हणजे पवित्र. श्राद्धाला अनामिकेत दर्भाची अंगठी घालतात तेही पवित्रकच. म्हणजे आधी अवजार, गुण नंतर. प्रार्थना हेच पवित्र, रोज गाळत बसा.

बिनीचा: पण बायबलात मागे हिब्रू 'कादोश' आहे ना, वेगळं काढून ठेवलेलं अशा अर्थाचा. मग 'सोवळं' जास्त जवळचं.

निर्मळकर: सोवळं अजिबात नको!! 1964 च्या 'लुमेन जेन्सियुम'चं, म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजाचं, पाचवं प्रकरणच त्यावर आहे की होलिनेस फादर-सिस्टरांपुरतं नाही, संसारी माणसालाही तेच बोलावणं आहे. आमच्याकडे संध्याकाळी घरात रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होते, कोणी जांभया देतंय, कोणाचा मोबाईल मांडीखाली वाजतोय, धाकटा मणी मोजता मोजता पेंगतोय, तरी पाचही रहस्यं (येशू-मरियेच्या जीवनातले चिंतनाचे प्रसंग) झाल्याशिवाय कोणी उठत नाही. हे सोवळ्यात कुठे बसवू?

टाळकुटी: वारकऱ्यांत चित्तशुद्धी म्हणतात. वडिलांचा हरिपाठाचा नेम आहे (नेम म्हणजे नियमच, झिजून झालेला), एसटीत असले तर खिडकीशी पुटपुटतात, चुकला तर चहा गोड लागत नाही. पवित्र झालात का विचारलं तर म्हणतात ते माहीत नाही बाबा, पण नेम झाला की दिवसभर जीभ ताळ्यावर राहते. घरच्यांचाही अनुभव तोच!

शुद्धलेखक: बाकी ठीक, पण 'रोजच्या' का? रोज फारसी. दैनंदिन लिहा.

बिनीचा: दररोजमधला 'दर'पण फारसीच. कागद, शाई, चष्मा सगळं बाजूला ठेवून पत्रक कसं काढणार ते सांगा आधी.

शुद्धलेखक: शाईला मसी आहे.

दर्भांकुर: आणि रोजनिशीला?

शुद्धलेखक: दैनंदिनी. सोपं आहे.

बिनीचा: आणि रोजंदारीवरच्या माणसाला दैनंदिन मजूर?

निर्मळकर: अहो पत्रक सोमवारी छापायला जातंय, होलिनेसचं बघा ना कोणीतरी.

टाळकुटी: 'वाढ' म्हटलं की पगारवाढ वाटते. 'प्रार्थनेत मुरत जाणं' लिहा, पावित्र्य शब्दच नको.

दर्भांकुर: मुरलेला तर राजकारणीही असतो.

शुद्धलेखक: मुरणे हा देशी धातू की संस्कृतोद्भव? कोणाकडे व्युत्पत्तिकोश आहे का?