जपानमध्ये भाषाशाळेच्या पहिल्या वर्षी अर्धवेळ काम

जपानी जेमतेम येत असताना काम मिळेल का, ही आपली चिंता रास्त आहे. विद्यार्थ्यांना अर्धवेळ कामासाठी लागणाऱ्या परवानगीचा अर्ज नव्याने येणाऱ्यांना विमानतळावरच देता येतो; मर्यादा आठवड्याला २८ तासांची असून दोन ठिकाणी काम केल्यास दोन्हींचे तास एकत्र धरले जातात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही आणि पुढे व्हिसा वाढवताना अडचण येते. मी आरंभी जेवणाचे डबे भरणाऱ्या कारखान्यात रात्रपाळी केली. सरकत्या पट्ट्यावरील प्रत्येक डब्यात लोणच्याचा एकच तुकडा ठेवायचा, बोलणे जवळजवळ नाहीच, त्यामुळे भाषा सुधारली नाही आणि सकाळच्या वर्गात डोळे मिटत असत. म्हणून पगार थोडा कमी असला तरी ग्राहकांशी बोलावे लागेल असेच दुकान शोधा, असे मी आपल्याला कळकळीने सुचवतो.