गाडीनं जोतिबाला गेलं की यात्रा होत नाही म्हणे!

पंचगंगाकाठ: कालच्या पोस्टीत एका भाऊंनी ठरवून टाकलं की माघातल्या रविवारी कोल्हापुरातनं जोतिबाला जायचे खेटे पायी घालतो तोच यात्रेकरू, बाकी सगळे सहलवाले. चारचाकीतून जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला जाणाऱ्यांनी 'यात्रेला गेलो' म्हणूच नये! आमची आई एकेकाळी वाटेतली वडणगे-निगवे-कुशिरे ही गावं करत अनवाणी डोंगर चढायची. आता गुडघे गेलेत, रिक्षानं नेतो. मग तिचं चांगभलं खोटं काय? चैत्री पौर्णिमेला लांबलांबनं सासनकाठ्या, देवाच्या उंच सजवलेल्या काठ्या, घेऊन माणसं ट्रकनं येतात, ती पण सहलीलाच येतात व्हय?

खेटेवाला: पोस्ट माझीच. आईंना मधे आणू नका, त्यांच्याबद्दल बोललोच नव्हतो. सकाळी अंबाबाई, दुपारी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा, संध्याकाळी नरसोबाची वाडी आणि रात्री स्टेटस 'तीर्थयात्रा संपन्न', ह्यांच्यावर राग आहे. वर बिंदू चौकात गाडी आडवी लावणार.

शाहूपुरीकर: तांबड्या-पांढऱ्याचं बरोबर बोललात. देवाला जायचं आणि मटण हाणायचं, ही कसली यात्रा?

टेंबलाईचा शेजारी: आषाढात कोल्हापुरात असता का कुठं परगावी? पंचगंगेला नवं पाणी आलं की पोरी कलश घेऊन पी ढबाक वाद्यांच्या तालावर त्र्यंबोलीला, म्हणजे टेंबलाई देवीला जातात, पायऱ्यांवर पाणी ओततात, आणि गल्लीत मटणाचे वाटे पडतात. आख्खं गाव त्याला यात्राच म्हणतं.

शाहूपुरीकर: ते गल्लीचं जेवण झालं. शास्त्रात...

टेंबलाईचा शेजारी: शास्त्र आमच्या आजीला सांगून बघायचं होतं! पाणी वाहून आली की दिवसभर पाट्यावर मसाला वाटायची. देवीपुढं उभं राहणं दोन मिनिटांचं, बाकी सगळं राबणंच. तिची यात्रा तुमच्यापेक्षा मोठी.

पुण्यात अडकलेली: वाट्यांचं नावच काढू नका. आमच्या गल्लीत वर्गणी सगळ्यांकडनं घेतली आणि वाटे देताना भाडेकरूंना वगळलं. आई अजून त्या घरी हळदीकुंकवाला जात नाही.

टेंबलाईचा शेजारी: असली गल्ली आमच्याकडं नाही. आमच्यात आजारी माणसाचा वाटा घरपोच जातो.

शाहूपुरीकर: चला, आता रस्सा किती वाट्या तेवढं सांगा.

खेटेवाला: ओ, विषय खेट्यांचा होता! बरं पंचगंगाकाठ, वयस्कर माणसांना गाडी चालेल. आईंना सूट.

पंचगंगाकाठ: उपकार झाले. सूट वाटायला तुम्ही देवस्थानात कधी बसलात? आणि खेटा झाल्यावर परत चालत येता, का वडापच्या जीपनं?

खेटेवाला: परतीचं कोण धरतंय?