चार वर्षांचा मुलगा वही बघितली की पळतो. खेळातून शिकण्यासाठी घरी काय करता येईल? (सोलापूर)

विजापूररोडची_आई

नमस्कार. मुलगा चार वर्षांचा आहे, यंदा ज्युनियर केजीत गेला. शाळेतून रोज लिहायला येतं. आधी स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन होत्या, आता एबीसीडीची पानं. वही काढली की हा पलंगाखाली जाऊन बसतो. जबरदस्ती केली की रडतो, आणि मग पूर्ण संध्याकाळ जाते.

एरवी मात्र त्याचं डोकं सतत चालू असतं. चपला लहान-मोठ्या लावून ठेवतो. खाली उभ्या असलेल्या रिक्षांपैकी कुठली कोणाची हे सांगतो. सासूबाई भाकरी करायला बसल्या की शेजारी फतकल मारून बसतो आणि शंभर प्रश्न विचारतो. म्हणजे शिकायची आवड आहे, वहीचीच नाही.

मिस्टर टॉवेल कारखान्यात आहेत, मी घरूनच हिशेबाची कामं करते. संध्याकाळी तासभर मिळतो. धाकटी मुलगी एक वर्षाची आहे. महागडी खेळणी परवडत नाहीत आणि खरं तर नकोच आहेत. घरात काय करू? सोलापुरात कुठे नेऊ? आणि शाळेत काय बोलू?

सातरस्ता

ताई, जागांचं मी सांगतो. भुईकोट किल्ल्याच्या बागेत न्या, पळायला मोकळं आहे, बुरूज आहेत, खारी आहेत. सिद्धेश्वराच्या तलावाला पायऱ्यांवर बसून मासे बघायचे, पण हात सोडायचा नाही. केगावचं विज्ञान केंद्र जरा मोठा झाला की जास्त कळेल, तरी एकदा दाखवून आणायला हरकत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे चाळिशीच्या वर पारा जातो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर नाहीतर दिवस मावळताना.

बालवाडीताई

ताई, अनेक वर्षं बालवाडी चालवते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली सगळी हाडं अजून तयार झालेली नसतात. खांदा, कोपर, मनगट, मग बोटं अशा क्रमाने हातावर ताबा येतो. पेन्सिल चिमटीत धरून छोट्या चौकटीत रेघ ओढणं हे त्यातलं शेवटचं काम. त्याआधीची कामं झाली नसतील तर हात दुखतो. मूल "हात दुखतोय" असं सांगत नाही, पलंगाखाली जातं. तेव्हा त्याला आळशी समजू नका.

आधीची कामं तुमच्या स्वयंपाकघरातच आहेत. सासूबाई भाकरी करतात ना? उकळत्या पाण्यात मळलेलं पीठ कोमट झालं की सुपारीएवढा गोळा त्याला द्या. मळू दे, थापू दे, फाटली तर परत गोळा करू दे. तळहात, बोटं, दोन्ही हात एकत्र, सगळं त्यात येतं. शेंगा चटणीसाठी शेंगा फोडायला बसवा. मटार सोलणं, लसूण पाकळ्या सुट्या करणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, ओला टॉवेल पिळणं. तुमच्या मिस्टरांना कारखान्यातून रिकाम्या कांड्या किंवा बॉबिन मिळाले तर मागून आणायला सांगा, स्वच्छ धुवून दोरीत ओवायला याहून चांगलं खेळणं नाही.

आणि एक खास आपल्या घरातली गोष्ट, रांगोळी. रांगोळी सोडताना बोटांची जी चिमूट होते, पेन्सिल धरायला लागते तीच ती. जाडसर तांदळाचं पीठ वाटीत द्या, गॅलरीत पाण्याने ओली केलेली फरशी द्या, आणि सोडू दे जशी सुटेल तशी. ठिपके, वाकड्या रेघा, काहीही. नंतर पुसायलाही त्यालाच फडकं द्या, पुसताना खांदा फिरतो.

अंकांसाठी पाढे नकोत. जेवायला बसताना "प्रत्येकाला एक ताट, एक वाटी" हे काम त्याच्याकडे द्या. एका माणसामागे एक वस्तू ही जुळणी ज्याला कळली त्याला मोजणं कळतं. नुसतं एक ते शंभर म्हणणारी मुलं मला खूप भेटतात, पण "मला चार चिंचोके दे" म्हटलं की मूठभर देतात. चपला लावतो म्हणालात ना, ते गणितच आहे. लहान, त्याहून मोठी, सगळ्यांत मोठी.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. खेळताना परीक्षा घेऊ नका. मूल ठोकळे रचत असतं आणि आपण शेजारी बसून "हा कुठला रंग? हे किती? ब कशाचा?" सुरू करतो. खेळ तिथेच संपतो. त्याऐवजी आपण करतोय ते बोला. "मी हा लाल खाली ठेवते, हा जड आहे." आणि गप्प बसा. तो बोलेल. त्याच्या खेळात तो पुढे, आपण मागे. मला विचाराल तर बाकी काहीच जमलं नाही आणि एवढं एकच केलंत तरी फरक दिसेल.

माग_आणि_मी

ताईंचं पटतं, पण एक शंका. आजूबाजूची मुलं लिहितात. पहिलीत गेल्यावर हा एकटाच मागे राहिला तर? माझ्या मोठ्या मुलीला आम्ही लवकर लिहायला बसवलं, तिला काही त्रास झाला नाही. थोडा सराव हवाच की.

बालवाडीताई

दादा, शंका रास्त आहे. काही मुलांचे हात लवकर तयार होतात, तुमच्या लेकीचे झाले असतील. ज्याला आवडतं त्याला कागद-खडू द्यावेतच. प्रश्न न आवडणाऱ्याला बसवण्याचा आहे.

मागे पडण्याचं म्हणाल तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि पहिलीचं वय सहा. त्यावर २०२२ साली आलेल्या आराखड्यात तीन ते सहा वयाच्या मुलांना पाठ्यपुस्तकं नकोत, खेळ, गोष्टी, गाणी आणि वस्तू हाताळणं यांतून शिकवा असंच आहे. या मुलाच्या हातात अजून दोन वर्षं आहेत. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा मुलाखत घ्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे, तीही भीती नको.

हे दिल्लीहून आलेलं नवं खूळ आहे असंही कुणाला वाटायला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसोबत हेच केलं. परदेशी महाग साधनांऐवजी बिया, शंख, पानं, माती घेतली. आपल्या महाराष्ट्रातलंच काम आहे हे, मला त्याचा फार अभिमान वाटतो.

अशोकचौक

आमच्या घरी तेलुगू, गल्लीत मराठी, वरच्या मजल्यावर कन्नड. शाळा इंग्रजी. पोरगं गोंधळेल म्हणून घरात इंग्रजीच बोला असं आम्हाला एका शाळेत सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही. आजी तेलुगूतच गोष्टी सांगते, पायऱ्या चढताना तेलुगूत मोजते, उतरताना मराठीत. पोरगं माणूस बघून भाषा बदलतं. ज्या भाषेत घरातल्यांना भरभरून बोलता येतं त्याच भाषेत बोला ताई, शब्द तिथूनच वाढतात.

गड्ड्याचे_आजोबा

सूनबाई, माझा नातू साडेचारचा. यंदा संक्रांतीला त्याला खांद्यावर बसवून सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची, मिरवणूक दाखवली, गड्डा म्हणजे आपली जत्रा दाखवली. घरी आल्यापासून घरात रोज गड्डा भरतोय. झाडूच्या काठीला माझा रुमाल बांधून नंदीध्वज करतो. सात असतात हे त्याला पाठ, म्हणून सात काठ्या गोळा झाल्याशिवाय मिरवणूक निघत नाही. पलंग म्हणजे पाळणा, मी तिकीट काढायचं.

गंमत पुढे आहे. तिकीट म्हणून तो कागदाच्या चिठोऱ्यांवर गिरगिटतो आणि मला वाचून दाखवतो, "दहा रुपये, एक आजोबा." त्याला लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. खेळात तिकीट लागतंय म्हणून लिहितोय. तुमच्याकडे रिक्षांचं वेड आहे म्हणता ना? मग रिक्षा स्टँड करा. खुर्च्या लावा, नंबरप्लेट त्यालाच करू द्या, पावती फाडू द्या. सासूबाईंना प्रवासी करा, त्यांचेही गुडघे दुखणार नाहीत, बसूनच जायचंय.

बालवाडीताई

आजोबा, अगदी! ते गिरगिटणं हे लिहिणंच आहे. कागदावरच्या खुणेला अर्थ असतो हे त्याला कळलंय. अक्षराचं वळण नंतर येतं. अशा चिठ्ठ्या फेकू नका, कपाटाच्या दारावर लावा.

विजापूररोडची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या लगेच म्हणाल्या उद्या शेंगा फोडायला बसवते. रिक्षा स्टँड तर नक्की.

दोन गोष्टी राहिल्या. धाकटी सगळं तोंडात घालते, तिचं काय करू? आणि शाळेत नेमकं कसं बोलू? भांडण नको आहे, बाई चांगल्या आहेत.

बालवाडीताई

धाकटीसमोर शेंगदाणे, मटार, चिंचोके, मणी अजिबात नकोत, घशात अडकतात. ती झोपलेली असताना किंवा टेबलावर, मोठं माणूस शेजारी असेल तरच. दोघं एकत्र असतील तेव्हा झाकणं असलेले स्टीलचे डबे, पळ्या, मोठ्या वाट्या, चादरीचा तंबू. चादरीवरच्या नक्षीवर बोट फिरवणंही दोघांना आवडेल. बादलीत पाणी ठेवून बाजूला जाऊ नका, थोड्या पाण्यातही धोका असतो.

शाळेत वही परत करायला जाऊ नका, मदत मागायला जा. "बाई, तो घरी लिहायला बसला की रडतो. वर्गात कसा असतो? थोडे दिवस घरी लिखाणाऐवजी हाताचे खेळ घेतले तर चालेल का? मी काय घेतलं ते वहीत लिहून पाठवीन." आणि खरंच लिहून पाठवा, "आज भाकरी थापली, सात शेंगा मोजल्या." बहुतेक बाई ऐकतात. त्यांच्यावरही इतर पालकांचा दबाव असतो, तुमच्यासारखं कुणी आलं तर त्यांनाही बरं वाटतं.

होटगीरोड_९

एक राहिलं, मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात एक तासाहून जास्त स्क्रीन नको, कमी असेल तितकं चांगलं. आणि दिवसात तीन तास हालचाल हवी, त्यातला एक तास दम लागेल अशी. आम्ही जेवताना मोबाइल बंद केला. सुरुवातीला लेकरू जेवेना, त्याची तयारी ठेवा. ताटं मांडायचं काम दिल्यावर जेवणाकडे लक्ष आलं.

आणि बोलणं कमी असेल, हाक मारल्यावर बघत नसेल, वस्तू फार जवळ धरून बघत असेल तर मात्र खेळांवर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, पण धागा इतरही वाचतील.

माग_आणि_मी

ताई, एक विचारू? भाकरीचं पीठ रोज कुठे देणार, ज्वारी काय भाव झालीय. खेळायला वेगळं पीठ करता येतं का?

बालवाडीताई

येतं की. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, साधारण एक वाटी पाणी थोडं थोडं घालत मळायचं, वर चमचाभर तेल. रंगाला हळद किंवा बिटाचं पाणी. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलं तर आठवडाभर चालतं. मीठ खूप असल्याने खाऊ द्यायचं नाही, म्हणून धाकट्या भावंडांना साधी कणीकच द्या. केलेली फळं-भाज्या उन्हात वाळवल्या की कडक होतात आणि दुकान-दुकान खेळायला होतात. सोलापूरचं ऊन आहे, दोन दिवसांत वाळतात.