वेल्फेअर सोडलेल्यांची कमाई पगारनोंदींतून कशी काढायची?

आकडेखोर: १९९६च्या कायद्याने अमेरिकेत गरीब कुटुंबांना रोख मदत (वेल्फेअर) देणारी जुनी योजना एएफडीसी जाऊन तिच्या जागी टॅन्फ आली आणि एकल मातांचा रोजगार वाढला, असं सगळीकडे वाचतो. राज्यांच्या बेरोजगारी विम्याकडे मालक ज्या तिमाही पगारनोंदी पाठवतात, त्यांवरून मदत सोडलेल्यांची आधीची आणि नंतरची सरासरी काढली तर चालेल का?

तिमाही: नाही चालणार. आधी 'सोडलं' म्हणजे काय ते ठरवा. सलग दोन महिने मदत नाही, ही रुळलेली व्याख्या. एकच महिना धरलात तर कागद वेळेत न दिल्याने बंद पडून पुन्हा सुरू झालेली प्रकरणंही आत शिरतात.

नोंदीत तिमाहीची फक्त एकूण रक्कम असते, तास किंवा दर नसतो. ताशी ७ डॉलरने १,८२० डॉलर म्हणजे १३ आठवडे अर्धवेळ, किंवा साडेसहा आठवडे पूर्णवेळ आणि मग काहीच नाही. दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या दिसतात! स्वयंरोजगार, केंद्र सरकारची नोकरी, रोखीची कामं आणि शेजारच्या राज्यातला पगार या नोंदींत येत नाही, तेव्हा शून्य दिसलं की बेकार म्हणू नका. मध्यक द्या, आणि त्यात शून्यं धरलीत की वगळलीत ते लिहा. 'वर्षात कधीतरी काम केलं' हे प्रमाण साधारण तीन-चतुर्थांश येतं, 'अमुक वेळी कामावर' हे साठ टक्क्यांच्या आसपास. लोक हे दोन्ही बिनदिक्कत एकमेकांत मिसळतात.

जुनी_फाइल: मोठी अडचण तुलनेची आहे. त्याच काळात १९९३च्या कायद्याने ईआयटीसी (कमी कमाईच्या नोकरदारांना मिळणारी करसवलत) भरघोस वाढली, किमान वेतन ४.२५ वरून ५.१५ डॉलर झालं आणि २०००मध्ये बेरोजगारी ४ टक्क्यांवर आली. शिवाय ज्यांना नोकरी सहज मिळते, ते आधी बाहेर पडतात. त्यामुळे सगळं श्रेय कायद्याला देता येत नाही.

चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेले प्रयोग वाचा. वेल्फेअरवरून कामाकडे नेणाऱ्या कार्यक्रमांच्या एनईडब्ल्यूडब्ल्यूएस या अभ्यासातल्या बऱ्याच कार्यक्रमांत कमाई वाढली, पण मदत आणि फूड स्टॅम्प (अन्नखरेदीसाठीची सरकारी मदत) जवळपास तेवढेच घटले. मिनेसोटा राज्याच्या एमएफआयपी या वेल्फेअर कार्यक्रमात मदत ठरवताना कमाईतला ३८ टक्के भाग हिशेबाबाहेर ठेवला होता, म्हणून तिथे उत्पन्नही वाढलं.

आकडेखोर: म्हणजे कमाई आणि उत्पन्न वेगळे रकाने?

जुनी_फाइल: अर्थात. पगार, टॅन्फ, फूड स्टॅम्प, ईआयटीसी, वजा ७.६५ टक्के पगारकर, पाळणाघर, प्रवास. ईआयटीसी बहुतेकांना करविवरणपत्रानंतर एकरकमी मिळते. ती चार तिमाहींत वाटलीत तर वर्षाचा हिशेब जुळेल, पण हातात पैसा कधी होता ते चुकेल.

तिमाही: एक राहिलं. टॅन्फच्या 'काम-सहभाग दरा'ला, म्हणजे किती लाभार्थी कुटुंबं ठरवलेल्या कामांत आहेत या राज्याने गाठायच्या प्रमाणाला, रोजगाराचा दर समजू नका. अट ५० टक्क्यांची असली तरी लाभार्थी कुटुंबं घटली की राज्याला त्या अटीत तेवढी सूट मिळते, आणि शिवाय नोकरीचा शोधही मर्यादित आठवडे 'काम' म्हणून धरला जातो.